मोताउंग मास्तरांची वजाबाकी

रापुला मोताउंग मास्तर आयुष्यात एकदाही खोटं बोलले नव्हते. सोमवारी सकाळी त्यांनी गाडीचा मीटर मागे फिरवून घेतला, तोही एक शब्द न बोलता.

चार लाख अठरा हजार किलोमीटरचे एक लाख अडतीस हजार झाले. एकतीस वर्षं सोवेतोच्या शाळेत गणित शिकवलेल्या माणसाने केलेली ही सगळ्यात मोठी वजाबाकी होती.

गाडी लाल, चौकोनी, दोन दारांची. सोवेतोत या जर्मन गाडीला गुशेशे म्हणतात, आणि ती ज्याच्या दारात उभी असते त्याला लोक जरा वाकून नमस्कार करतात. पण मास्तरांची नजर अधू झाली, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, म्हणून विकायची. मेकॅनिक म्हणाला होता, "मास्तर, गल्लीत फिरवा खुशाल. हायवेला नेलीत तर इंजिन कधी जाम होईल सांगता येत नाही. आणि मागून ट्रक येत असला, तर चर्चला आधीच कळवून ठेवा."

हे जाहिरातीत लिहायचं राहून गेलं.

बुधवारी झ्वेली रादेबे आला. चाळिशीचा, अबोल, इस्त्रीचा शर्ट. सोबत म्हातारी आई.

"मास्तर, गाडी जोरात पळवली तर चालेल ना?"

"पळायलाच बनवलीये ती."

"आणि इंजिन किती ताण सोसेल?"

"तुम्ही किती द्याल त्यावर आहे."

झ्वेलीने वाकून मीटर वाचला आणि त्याचा चेहरा उगाच पडला. "फारच कमी चाललीये, आई."

म्हातारीने बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "लेकरासारखी सांभाळलीत हो. देव तुमचं भलं करो."

मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

झ्वेलीने घासाघीस केली नाही. मास्तरांनी पंच्याण्णव हजार रँड सांगितले, तेवढेच्या तेवढे खात्यात आले. "शनिवारी घरी सगळे जमणार आहेत, त्याआधी हवी होती," एवढं बोलून, मास्तरांची नजर चुकवत तो गाडी घेऊन गेला.

"घासाघीस न करणारा माणूस!" मास्तरांची बायको दिकेलेदी म्हणाली. "सबंध सोवेतोत असा एकच भला माणूस उरला होता, आणि तुम्ही नेमकं त्यालाच गाठलंत."

"मी काही खोटं बोललो नाही."

"नाही हो. मीटर बोलला. चंद्र किती लांब आहे ते तुम्हीच पोरांना शिकवायचात ना? गाडी चंद्र ओलांडून गेली होती. तुम्ही तिला अर्ध्या वाटेच्याही अलीकडे माघारी आणलीत."

गुरुवारी मास्तरांनी गाडीची खरी किंमत मांडून पाहिली; तीस हजार जास्त घेतले होते. शुक्रवारी रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि हातातला चहा शर्टावर सांडला. शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला त्यांनी तीस हजार पाकिटात घातले आणि रादेब्यांचं घर शोधायला निघाले.

घर विचारावं लागलं नाही. रस्ता अडवून मांडव घातला होता. तीनपायी हंड्यांत मटण रटरटत होतं, बायका काळ्या शाली पांघरून स्तोत्र म्हणत होत्या. मागच्या मैदानावरून चाकं घासल्याचा कर्कश आवाज येत होता. मयताच्या घराशेजारीसुद्धा पोरांना चैन नाही, असं मास्तरांच्या मनात सवयीने येऊन गेलं.

आत, सामान हलवून मोकळ्या केलेल्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर म्हातारी बसली होती. त्या गादीवर कोण बसतं हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. जिचं माणूस गेलं, ती.

मास्तरांनी गुडघे टेकले.

"आई, मी मारलं तुमच्या लेकाला."

स्तोत्र थांबलं.

"काय म्हणालात?"

"गाडी चार लाख अठरा हजार चाललेली होती. मी मीटर फिरवला. इंजिन जाम होणार हे मला माहीत होतं." त्यांनी पाकीट गादीवर ठेवलं. "झ्वेली माझ्यामुळे गेला."

"झ्वेली मागे मैदानावर आहे," म्हातारी म्हणाली. "गेला तो धाकटा, लुंगेलो. गेल्या रविवारी, साखरेच्या आजाराने. तुमची गाडी त्याने बघितलीसुद्धा नव्हती."

मास्तरांनी पाकिटाकडे बघितलं. ते परत उचलणं बरं दिसलं नसतं.

"लुंगेलो गाड्या गोल गोल फिरवायचा," म्हातारी सांगू लागली. "चाकांचा धूर, लोकांच्या शिट्ट्या, सगळा सोवेतो बघायला यायचा. त्याला शब्द दिला होता. इंजिन फुटेपर्यंत गुशेशे फिरवू, मगच तुझी शवपेटी उचलू. मरायला टेकलेली गाडी शोधत होतो, कुणाकडेच मिळेना. मग तुमची दिसली, इतकी धडधाकट." तिने शालीच्या टोकाने डोळे टिपले. "चांगली गाडी मारायला नेतोय, तेही तुमच्यासारख्या सज्जन माणसाला न सांगता. तीन दिवस मला झोप नाही हो, मास्तर. झ्वेलीला तर तुमच्या तोंडाकडे बघवेना. आणि तुम्ही हे आज सांगताय?"

"बुधवारी सांगितलं असतं," मास्तर हळूच म्हणाले, "तर किती दिले असते?"

"तेवढेच. सुखाने."

तेवढ्यात झ्वेली आत आला. इस्त्रीचा शर्ट काजळीने काळा, डोळे लाल.

"आई, पाद्री विचारतायत, अजून किती वेळ."

दफन दहाचं होतं. साडेबारा वाजून गेले होते, टायरांची तिसरी जोडी संपली होती, आणि इंजिन सुरळीत चालू होतं.