पाठीराखी

"इथे ताई भर कोर्टात ओरडते," दिग्दर्शक हातातले कागद चाळत म्हणाला. "'माझ्या भावाने आयुष्यात मुंगी मारली नाही, जजसाहेब!' कसं वाटतंय?"

मौनीने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. ताईचं शिलाई मशीन घरघरत होतं.

"ती असं काही बोलली नव्हती. भाऊ त्या संध्याकाळी घरीच होता, एवढंच तिने शपथेवर सांगितलं."

"अहो, हिंदी सिनेमा आहे. थोडा मीठमसाला लागणारच."

मौनी हे नाव त्याला छापखान्यात पडलं होतं. दोन शब्दांत भागत असेल तर तो तिसरा काढत नसे. मालकाच्या खुनात तो आत गेला आणि नऊ वर्षांनी वरच्या कोर्टाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला सोडलं, तोवर होते नव्हते ते शब्दही आटले होते. खरा खुनी कधी सापडलाच नाही. आता मात्र या सिनेमावाल्यांनी खोदून खोदून विचारलं आणि मौनी आयुष्यात पहिल्यांदा घडाघडा बोलला.

त्या संध्याकाळी तो डबा विसरला म्हणून छापखान्यात परत गेला होता. मालक यंत्राशेजारी पडलेले होते. त्याने त्यांना उचलायचा प्रयत्न केला, दोनदा हाका मारल्या. ते गेलेत हे कळल्यावर त्याची पाचावर धारण बसली आणि तो घराकडे पळत सुटला. ताईने दार उघडलं. त्याचा शर्ट पुढून रक्ताने पार भिजला होता. तिने तो अंगातून काढून घेतला, मोरीत नेला आणि रॉकेल ओतून जाळला. मग म्हणाली, "कामावरून आल्यावर तू घराबाहेर पडलाच नव्हतास. कळलं?"

त्यानंतर खरं सांगायची सोय उरली नाही. वकिलाने तीच गोष्ट कोर्टात लावून धरली. पण मोरीत अर्धवट जळलेली कॉलर पोलिसांच्या हाती लागली आणि त्या तुकड्यानेच घात केला.

"शर्ट मीच जाळला असं दाखवा," मौनी दिग्दर्शकाला म्हणाला. "तिचं नाव नको त्यात."

"ताईंचा विश्वास कधी डळमळला नाही?"

"नऊ वर्षांत तिने एकदासुद्धा विचारलं नाही, तू हे केलंस का म्हणून."

दिग्दर्शकाने मांडीवर थाप मारली. "हाच आपल्या सिनेमाचा कणा!"

खोटं नव्हतंच ते. ताईचं ठरलेलं लग्न मोडलं, तिने ब्र काढला नाही. वकिलांचे उंबरठे झिजवले. तुरुंगातली एकही भेट चुकवली नाही. एकदा जाळीपलीकडून मौनी म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी..." तर तिने त्याला तिथेच तोडलं. "त्या विषयावर एक अक्षर नको. खोकला कमी आहे का?" आपण न सांगताच हिला सगळं ठाऊक आहे, या एका गोष्टीवर त्याने आतली वर्षं काढली.

ताई मालकाच्या विधवेकडेही जायची. तिच्या मुलींचे कपडे शिवून द्यायची, घरी कोणी आजारी असलं की उशाशी बसायची. गल्लीतल्या बायका नाकं मुरडायच्या, त्या बाईनेही सुरुवातीला तोंडावर दार लावलं. तरी ताई जात राहिली. एवढ्या मोठ्या मनाची बहीण आपल्या वाट्याला आली, याचं मौनीला भरून यायचं.

सिनेमात ताईचं काम करणारी नटीही एकदा तिला भेटायला आली. मशीनसमोर स्टुलावर बसून तिने विचारलं, "ताई, एवढं बळ कुठून आणलंत तुम्ही?"

ताईने दाताने दोरा तोडला. "माझा भाऊ आहे तो."

नटीचे डोळे पाणावले. ते वाक्य तसंच्या तसं सिनेमात गेलं.

सिनेमा तयार झाल्यावर घरच्यांसाठी एक छोटा खेळ ठेवला. ताईला यायचंच नव्हतं.

"उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची?"

"माझ्यासाठी चल," मौनी म्हणाला.

ती आली. दुपारच्या त्या अंधाऱ्या हॉलमध्ये दोघं शेवटच्या रांगेत बसली. पडद्यावर तिच्याहून गोरीपान ताई कोर्टात ओरडली, तेव्हा खरी ताई मान खाली घालून पदराचा काठ चिमटत राहिली. लाजली असेल, असं मौनीला वाटलं.

मग छापखाना आला. बंद यंत्रं, एकच दिवा. डब्यासाठी परत आलेला नट दारातच थबकला. धावत जाऊन त्याने मालकाला उचललं, छातीशी धरलं, हाका मारल्या. त्याचा शर्ट लाल होत गेला. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं.

ताईने मौनीचं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट होती की त्याला कळ आली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

"हे यांनी मनानं घातलं?" तिने विचारलं.

"नाही. हे मी सांगितलं. असंच झालं होतं."

पडद्यावर नट अंधारातून घराकडे पळत होता. ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती भावाकडे बघत राहिली, डोळ्याची पापणीसुद्धा न लववता.

"म्हणजे..." शेवटी ती म्हणाली, "तू मारलं नव्हतंस?"