पाळणाघराची मागणी

प्राध्यापक संघटना आणि व्यवस्थापन यांची बोलणी पुन्हा एकाच मागणीवर येऊन अडली होती. कॉलेजात पाळणाघर हवं. बाकी सगळं कसंबसं जमलं होतं, आणि आज निकाल लावूनच उठायचं असं दोन्ही बाजूंनी सकाळीच ठरवलं होतं.

प्राचार्य वैतागून म्हणाले, "मॅडम, तुमचा मुलगा आता आपल्याच कॉलेजात शिकतोय. तुम्हाला कशाला हवं पाळणाघर? एवढं सोडा, मी आत्ता सही करतो."

सगळे गणिताच्या मॅडमकडे बघू लागले. मागणी त्यांचीच होती. मुलगा तान्हा असताना दोन तासिकांच्या मधे त्या बाथरूममध्ये जायच्या आणि दूध पिळून बेसिनमध्ये सोडून द्यायच्या. हे चारचौघांत सांगायला त्यांची जीभ तेव्हाही रेटली नव्हती, आजही रेटेना.

त्यांच्या शेजारी रसायनशास्त्राची नवी प्राध्यापिका बसली होती, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली. फाइल छातीशी घट्ट धरून ती सारखी घड्याळाकडे बघत होती. मॅडमना काही विचारावं लागलं नाही.

"नाही सोडणार," त्या ठामपणे म्हणाल्या. "पाळणाघर मिळाल्याशिवाय आमच्यातलं कुणीही इथून हलणार नाही."

सहकाऱ्यांनी टेबलं वाजवली. प्राचार्यांनी सुस्कारा सोडून पुन्हा चहा मागवला.

नवी प्राध्यापिका मॅडमच्या कानाशी वाकली. "मॅडम, सोडून द्या ना ती मागणी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मला घरी जाऊ द्या. बाळ उपाशी असेल."