मुदत नसलेली नोकरी

खुमेंद्रदादाला कॅनडात कायमचं राहायचंय आणि त्या अर्जाला मालकाचं नोकरीचं पत्र लागतं. दादानं मसुदा पाठवला. उद्या मालक सही करणार होता. मी तो बाबांना मराठीत सांगत गेले.

"मालकाचं नाव आहे का? पत्ता? फोन नंबर?"

"सगळं आहे, बाबा."

"अन् नोकरी कधीवरी?"

"तारीख नाही. 'नोकरी कायम, मुदत नाही' असंच लिहा लागते."

बाबांनी चष्मा काढला. "रिंकी, फसवून राहिले तुझ्या भावाले. केशोरीच्या संजूले एजंटानं असाच गोड कागद देल्ला होता. दादाले फोन लाव. पहिले तारीख टाकून घे म्हणा."

"तारीख टाकली का अर्जच बाद होते!"

"कोन सांगते?"

"तिथला नियम आहे. तुम्हाले काऊन इतका संशय येते?"

बाबा उठले आणि कपाटातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. ज्या कचेरीत त्यांनी शिपाई म्हणून जन्म काढला, तिथले नेमणुकीचे आदेश होते. दर अकरा महिन्यांनी एक नवा. पहिल्या कागदाचा रंग चहासारखा झाला होता.

"सव्वीस आहेत, मोज," बाबा म्हणाले. "नऊ साहेब बदलले. कोनी माझं नाव चुकवलं, कोनी गावाचं. पर नोकरी कोन्या दिवशी संपते, थे लिहाले एकही नाही विसरला."