मोठ्या बाबांचं दुसरं मरण

हेल्मेट काढलं तेव्हा आतल्या पट्टीला केसांचा झुपका चिकटून आला, आणि प्रफुल्ल रामटेकेने ठरवलं की आता घरातलं कोणीतरी मरायला हवं.

त्याने गोंदियाच्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, निवडलं. ते चार वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळे पाप लागायचा प्रश्न नव्हता. दोन दिवसांची रजा टाकली, गुढियारीतल्या न्हाव्याकडे डोकं तुळतुळीत करून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये हजर झाला.

"कौन गुज़र गए भैया?"

"बड़े पिताजी."

बस. रायपुरात असं डोकं दिसलं की दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. थाप इतकी सहज खपली की क्षणभर त्याला स्वतःलाच मोठ्या बाबांचं वाईट वाटलं.

खरं दुखणं मानेतल्या गाठीचं होतं. दर दुसऱ्या गुरुवारी सरकारी दवाखान्यात किमो, एकूण बारा वेळा. गाठ बरी होण्यातली आहे, पण औषध त्रास देईल, असं डॉक्टर म्हणाले होते. औषधाने शब्द पाळला. आधी तीन दिवस उलट्या, मग तोंडात फोड, पुढेपुढे बोटांना मुंग्या. त्याची बायको चेतना गुळण्यांसाठी सोडा-मिठाच्या पाण्याची बाटली भरून द्यायची, पातळ पेज करायची आणि सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायची. ताप शंभरावर गेला तर तडक दवाखाना, धूळ नको, गर्दी नको, बाहेरचं पाणी नको, हे सगळं तिने पाठ केलं होतं. मिलमध्ये यातलं काय पाळता येणार होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"साहेबाले सांगून काहून नाही टाकत?" ती विचारायची. "किती दिवस लपवून राहाल?"

"मागच्या साली त्या मिश्राले टीबी निघाला. आठ दिवसांत गेटपास बंद. मले तर कॅन्सर आहे."

नोकरी ठेक्याची होती आणि घरात कमावणारा तो एकटाच.

साहेब म्हणजे वाय. कुमार, शिफ्टचे फोरमन. ते मूळचे कुठले हे कोणालाच माहीत नव्हतं. बिहारकडचे असावेत असा सगळ्यांचा अंदाज. सहा वर्षांत त्यांनी कामापलीकडे कोणाशी शब्द काढला नव्हता, आणि जो काढला तो हिंदीतच. हसणं तर लांबच राहिलं.

मुंडनानंतर आठवड्याभरातच हे कुमार हात धुऊन त्याच्या मागे लागले. आधी त्याला रोलिंगवरून उचललं आणि गेटजवळ, ट्रक तोलायच्या काट्यावर नेऊन बसवलं. नऊ वर्षं तापलेल्या लाल सळ्या ओढलेला माणूस आता काचेच्या खोलीत पावत्या फाडणार. मग गुरुवारच्या रजा त्यांच्या डोळ्यांत खुपल्या.

"हर दूसरे गुरुवार ग़ायब? आज से तेरा ऑफ़ गुरुवार. इतवार को आना पड़ेगा."

रविवारची विहारातली वंदना बुडायला लागली. प्रफुल्लने तेही सोसलं. डोक्यावर केस का उगवत नाहीत असं कोणी विचारलं की "गर्मी है भैया" म्हणून वेळ मारून नेत राहिला.

तिसरी गोष्ट मात्र जिव्हारी लागली. कॅन्टीनमध्ये तो ताट घेऊन वळला, तर कुमार सगळ्यांसमोर म्हणाले, "तू यहाँ मत बैठ. घर से डिब्बा ला, कांटे पर ही खाया कर. पानी भी अपना ला."

चौघांत बसू नको. पाणी वेगळं ठेव. हे शब्द त्याच्या आजोबांनी गावात ऐकले होते. पोरांना ते ऐकावे लागू नयेत म्हणून गाव सोडून रायपूरला रेल्वेत खलाशी झाले होते. त्या दिवशी प्रफुल्लला घास गिळवेना, आणि त्यात तोंडातल्या फोडांचा काही दोष नव्हता.

"आडनाव वाचलं असन त्यानं," तो घरी म्हणाला. "मले हाकलाचं निमित्त शोधून राहिला."

दुसऱ्या दिवसापासून चेतनाने पिण्याच्या पाण्याची वेगळी बाटली भरायला सुरुवात केली.

निमित्त अकराव्या किमोनंतर मिळालं. बोटं इतकी बधिर झाली होती की पावती सुटी होईना. पुस्तकच हातातून पडलं, ते उचलायला तो वाकला आणि तिथेच उलटी झाली. बाहेर ट्रकांची रांग गेटपासून रस्त्यापर्यंत गेली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसले. कुमार आले. त्यांनी आधी रांग पाहिली, मग फरशी, मग त्याचं डोकं.

"छुट्टी के बाद केबिन में आ."

दोन वाजता शिफ्ट सुटली. केबिनच्या दाराशी उभ्या उभ्या प्रफुल्लने खिशातला गेटपास काढून हातात धरला. कोणी मागण्याआधी आपणच द्यावा, तेवढीच इज्जत राहील. आता एकच तर किमो उरली होती. इतकं सोसलं आणि शेवटी पंधरा दिवसांसाठी घात झाला. त्याला रडू आलं नाही, फक्त खूप एकटं वाटलं.

तो आत गेल्यावर कुमारांनी दार लावून घेतलं.

"कितने बाकी हैं?"

"क्या साहब?"

"कीमो."

प्रफुल्लच्या हातातला गेटपास टेबलावर पडला. "एक," तो कसाबसा म्हणाला. "पर आपको किसने बताया, साहब?"

कुमारांनी गेटपास उचलला, त्याच्या शर्टाच्या खिशात परत सरकवला आणि दार नीट लागलंय का ते एकदा पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले,

"कोणीच नाही सांगितलं. रामटेके, घरचं माणूस गेलं म्हणून आपल्या बौद्धांत कोणी मुंडन करते का, बाबू?"