तिघांचा भार

दिवसभरात पाचव्यांदा लाईट गेली आणि नानांचं ऑक्सिजनचं यंत्र बॅटरीवर गेलं, तेव्हा त्यांच्या सुनेने, वृषालीने, वायरमन घोंगेंना बोलावून घेतलं.

घोंगेंनी मीटर पाहिला. "बिघाड नाही, वहिनी. तुम्हाला तिघांचा भार मंजूर आहे. घरात राहताय चौघं."

"चौघांचाच होता की."

"होता. पण कोण कधी जाणार, ते कंपनी आता आधीच मोजते आणि तेवढी वीज कमी करते. नानांची तारीख सोमवारची होती."

"आज शुक्रवार आहे," नाना खाटेवरून म्हणाले.

"तेच तर. हयातीचा दाखला पाठवा. आठ दिवसांत भार वाढेल."

बॅटरी दोन तासांची होती. वृषालीने दाखला पाठवला, नानांना नवऱ्यावर आणि मुलीवर सोपवलं आणि आठ दिवसांसाठी माहेर गाठलं. ती बाहेर पडताच मीटरने घरात तीन माणसं मोजली आणि लाईट आली.

संध्याकाळी नानांच्या मुलाच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. घरात तिघंच उरल्याने अंदाज बरोबर ठरला होता. कंपनी कुटुंबाच्या दुःखात सहभागी होती. अर्जदार मयत असल्याने हयातीचा दाखला निकाली काढला होता.

नानांनी तो निरोप दोनदा वाचून घेतला.

"मजकूर बरा आहे," ते म्हणाले. "पण मग सूनबाईने परत यायचं कधी?"

मुलगा यंत्राच्या नळीतली नसलेली गाठ सोडवत बसला.