भोंगा वाजला की

फिजीच्या राजधानीतून, सुवाहून बोटीने आलेल्या सरकारी तंत्रज्ञ वासितीने वार्षिक सरावासाठी कॉम्प्युटरची कळ दाबली, पण गावचा त्सुनामीचा भोंगा काही वाजला नाही. पडद्यावर उमटलं, ही फाइल चालवायला परवानगी नाही.

"ऑफिसात मी 'ही चालवा' असा शिक्का मारला होता, काका," ती गावप्रमुख इलाइतियांना म्हणाली. "पण फाइल पेनड्राइव्हवर आणली, आणि त्याला असले शिक्के जपताच येत नाहीत. विंडोज असतं तर नुसतं फाइलचं नाव बघून चालवलं असतं. हे तुमच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स शिक्क्याशिवाय हलत नाही."

"मग लाटेला सांग, जरा दम धर बाई, आमचा शिक्का बोटीत पडलाय."

इलाइतिया अंगणात गेले आणि त्यांनी लाकडी ढोल बडवला. पाच मिनिटांत चटया, कोंबड्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खं गाव टेकडीवर पोचलं.

वासितीचे कान लाल झाले. तिने भराभर एक ओळ टाइप करून शिक्का मारला आणि पुन्हा कळ दाबली. भोंगा असा काही बोंबलला की खिडक्या थरथरल्या. ती ऐटीत बाहेर आली.

अख्खं गाव टेकडी उतरून समुद्राकडे धावत येत होतं.

"अहो, थांबा! खाली कुठे निघालात?"

"जेवायला," सगळ्यांच्या पुढची म्हातारी धापा टाकत म्हणाली. "ढोल वाजला की वर पळायचं आणि तुमचा भोंगा वाजला की खाली यायचं. दरवर्षी असंच तर असतं!"