आबांचा फोन

एसटीतून खाली पाय ठेवतो न ठेवतो तोच चुडामण आबांच्या गळ्यात हार पडला.

"बठ्ठी वस्ती वाचनी आबा, एकूणएक माणूस," हार घालणारा झुलाल म्हणाला. "तुमचा फोन आला नसता, तर आज गावात सुतक राहतं."

कोणता फोन, ते आबांना कळेना. पण हार गळ्यात पडल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही.

गावच्या बंधाऱ्याची समिती होती आणि आबा तिचे चेअरमन होते. पावसाळ्याआधी बंधाऱ्याच्या लोखंडी फळ्या काढून शेजारच्या खोलीत ठेवायच्या, पाऊस सरता सरता त्या पुन्हा बसवून पाणी अडवायचं, एवढंच समितीचं काम. तीन वर्षं नाल्याला पाणीच आलं नाही, त्यामुळे एवढंही काम उरलं नव्हतं. फळ्या बसलेल्या त्या बसलेल्याच. यंदाही आबा म्हणाले, बघू. आणि भाचीच्या साखरपुड्याला पाचोऱ्याला निघून गेले. मांडवाच्या पत्र्यावर पाऊस आदळायला लागला, तेव्हा त्यांच्या हातात अर्धी जिलबी होती. फळ्या बसलेल्या बंधाऱ्यावर पूर आला तर पाणी काठ फोडून थेट खालच्या वस्तीत शिरणार, हे त्यांना तिथे आठवलं. उरलेली अर्धी त्यांनी तशीच पानात ठेवली.

"ढग पाहताच वस्तीवाले फळ्या उपसायला लागले," झुलाल सांगत होता. "आम्ही गाववाले आडवे गेलो. तीन वर्षांनी पाणी येतंय अन् सोडून देता? तर म्हणे, पाचोऱ्याहून आबांचा फोन शे. मग कोण बोलतो?"

सगळे आबांकडे बघत होते.

"हं," आबा म्हणाले.

तेवढंच म्हणाले. खोटं असं काही बोलले नाहीत, ही त्यांची घरापर्यंतची समजूत होती.

घरासमोरच्या ओट्याची माती पावसाने खचली होती. तिथे निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी नीट रचून ठेवलेलं होतं. बायकोने, कमलबाईंनी, हट्टाने फरशी आणवली असणार. विचारलं असतं, तर गवंडी कधी आणता हे ऐकावं लागलं असतं. आबा मुकाट्याने त्यावर टेकले आणि चपलांचा चिखल झटकू लागले.

"तुम्ही फोन करा व्हता म्हने?" दारातून कमलबाईंनी विचारलं.

"हं."

"कोणाच्या फोनवरून?"

आबांचा फोन कोनाड्यात होता. साखरपुड्याला जाताना ते तो तिथेच विसरले होते.

"पाहुण्यांच्या," आबा म्हणाले.

कमलबाईंनी एकदा कोनाड्याकडे पाहिलं आणि चहा पुढे केला. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली की बायको बोलत नाही तेच जास्त ऐकू येतं. आबांनी चहा खाली मान घालून घेतला.

पाऊस उघडला होता. नाला भरभरून गिरणा नदीकडे धावत होता. आता फळ्या बसवल्या नाहीत, तर हे पाणीही जाणार आणि गाव पुन्हा टँकरची वाट बघणार. आबा बंधाऱ्यावर गेले. खोलीचं कुलूप जागेवर होतं. त्यांनी खिशातली किल्ली लावली.

खोली रिकामी होती. एक फळी नाही.

कुठे ठेवल्या, हे कोणालाही विचारायची सोय नव्हती. ज्याने हुकूम सोडला त्याला ठाऊकच असणार. आबांनी स्वतःच विचार केला आणि तो लगेच संपला. खालच्या वस्तीत सत्तार राहत होता आणि सत्तारचा धंदा भंगाराचा होता. आपलं नाव सांगून लोखंड काढलं, पूर आला तो योगायोग, माल केव्हाच धुळ्याला गेला.

सत्तार दुकानापुढे चिखल ओढत होता. आबांना बघून त्याने घाईघाईने खुर्ची पुसली.

"सत्तार, झालं ते झालं," आबा हळूच म्हणाले. "मी कोणाला बोलणार नाही. वस्तू जागेवर आली पाहिजे."

सत्तारने मान खाली घातली. "माफ करा आबा. तुमचं नाव घेतल्याबिगर कोणी हात लावू देत नव्हतं. मी बी कोणाला बोलणार नाही."

"कधी आणतो?"

"उद्या तुमचा सत्कार होऊ द्या. मग लगेच. त्याच्या आधी हलवलं तर बरं दिसणार नाही."

का बरं दिसणार नाही, हे विचारायला आबांची जीभ उचलली नाही. चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोघंही एकमेकांच्या चपला बघत उभे राहिले.

सत्कार आबांच्याच दारात ठेवला. पोरांनी निळ्या ताडपत्रीवर सतरंजी अंथरली आणि झकास स्टेज झालं. शाल झाली, नारळ झाला. झुलालने भाषणात फोनचा उल्लेख इतक्या वेळा केला, की आबांना कोनाड्याकडे बघवेना. कमलबाई दाराआड उभ्या होत्या. मागे रस्त्यावर सत्तार आणि वस्तीतली माणसं रिकामी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर घेऊन थांबली होती.

ट्रॉली रिकामी आहे, हे आबांनी बघितलं. म्हणजे फसवलं. हातात माइक होता. दोन दिवसांची लाज वर आली आणि बाहेर पडताना तिचा संताप झाला.

"मी एक फोन केला आणि वस्ती वाचवली," आबा म्हणाले. "पण ज्यांना वाचवलं, त्यांच्यातल्याच काहींनी आपल्या बंधाऱ्याच्या फळ्या विकून खाल्ल्या! नाव घेत नाही. तो मागे उभा आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या माणसांनी एकेक करून माना खाली घातल्या. झुलाल तर आबांच्या पायांकडेच बघत राहिला.

सत्तार गर्दीतून पुढे आला. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"खोलीची किल्ली तुमच्या खिशात होती आबा, म्हणून तुमच्याच दारात रचल्या. आता जराक खाले उतरा. फळ्या तुमच्या पायाखाली शेतस."